आधी भंगार, मग मशीन: कोल्हापुरात प्लॅस्टिक बाटलीच्या कामात उतरणाऱ्यांसाठी

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बाटल्यांच्या शेडमध्ये हेल्पर किंवा ऑपरेटर म्हणून नुकतीच लागलेली आयटीआयची पोरं. आपल्या काकवीला, फिनेलला, तेलाला बाटली शोधणारे छोटे उत्पादक. आणि 'पाण्याच्या बाटलीचं मशीन टाकूया' म्हणून कर्जाची फाईल तयार करून बसलेले. तिसऱ्यांना आधीच सांगतो, फाईल थोडे दिवस कपाटात राहू द्या.

कुठलाही कोर्स रसायनशास्त्रापासून सुरू होतो आणि मशीन विकणारा मशीनपासून सुरू करतो. माझा क्रम उलटा आहे. बाटलीचं काम भंगारापासून शिकायला घ्यावं. तिथं सगळ्या जातींचं प्लॅस्टिक एका ढिगात दिसतं, कुणी कुठं काटकसर केली तेही दिसतं, आणि वापरून झाल्यावर कोणत्या बाटलीला किंमत उरते ते रोखीत कळतं. मशीनसमोर उभं राहून यातलं काहीच दिसत नाही.

पहिली पायरी: भंगारात बसा

आपल्या पेठेतल्या भंगारवाल्याकडे जा. "मामा, आठवडाभर सकाळी दोन तास माल निवडायला बसू का? पैसं नगोत," असं म्हटल्यावर नाही म्हणणारा विरळा. जाड हातमोजे घाला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. ढिगात काच, पत्रा, सुया काहीही निघतं.

बाटली उलटी करून बुडाचा त्रिकोण बघा. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ज्याला धंद्यात नुसतं एचडी म्हणतात. ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई (दुधाच्या पिशवीचं घराणं), ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेनं आणले, ते निवड सोपी व्हावी म्हणून. त्रिकोण छापलेला आहे म्हणजे वस्तू नक्की पुन्हा वापरात येते, हा गैरसमज मात्र घट्ट बसला आहे. पॉलिकार्बोनेटचे पाण्याचे मोठे जार सोडले तर ७ नंबरच्या मालाला फारसा कुणी हात लावत नाही. त्यात काय काय मिसळलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

आकडा पुसलेला असेल तर पाण्याची परीक्षा घ्या. बादलीत पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून फसवणूक होत नाही. कात्रीनं नखाएवढा तुकडा कापून बुडवून सोडा. पाण्याची घनता १ धरली तर पेटची १.३८ च्या आसपास, म्हणून ते बुडतं. एचडी ०.९५ आणि पीपी ०.९० च्या जवळपास, म्हणून दोन्ही तरंगतात. पाण्याच्या बाटलीचं अंग तळाला जातं आणि टोपण वर राहतं, हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या. पुढं रिसायकलिंगचा अख्खा प्लँट याच एका गोष्टीवर चालतो.

पीव्हीसीसुद्धा बुडतं, आणि खरी गोची तिथंच आहे, कारण त्याची घनता पेटच्या अगदी शेजारी आहे. पारदर्शक बाटली पेटची की पीव्हीसीची, हे ओळखायला बूड बघा. पेटच्या बाटलीच्या तळाला मधोमध एक टणक ठिपका असतो, प्रिफॉर्म (बाटली फुगवण्याआधीची जाड नळी) इंजेक्शननं भरल्याची खूण. पीव्हीसीची बाटली नळी दाबून केलेली असते, त्यामुळे तळावर आडवी सरळ रेघ दिसते. शिवाय पीव्हीसी दुमडलं की घडीवर पांढुरका चट्टा उठतो. काही जुने लोक तुकडा पेटवून वास घेतात. मेणबत्तीसारखा वास आला तर एचडी, नाकाला झोंबला तर पीव्हीसी. ही पद्धत माहीत असू द्या, पण करू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि ती थेट छातीत जाते.

आता मामा काय करतो ते बघा. स्वच्छ पारदर्शक पेट तो वेगळं काढतो, त्याला सगळ्यात चांगला भाव. मग फिकट निळं, हिरवं. गडद रंगाचं त्याच्याही खाली. दुधाळ पांढरं पेट त्याला नकोच असतं, कारण ते पारदर्शक मालात गेलं की सगळा घाणा धुरकट होतो. अंगभर घट्ट बसवलेल्या छापील वेष्टनाची बाटली तो शिव्या घालत बाजूला टाकतो. फवाऱ्याच्या पंपात पोलादी स्प्रिंग असते, ती ग्राइंडरच्या पात्याचा जीव घेते. हे सगळं वहीत लिहून ठेवा: कोणती बाटली कुठं गेली आणि का. स्वतःची बाटली ठरवायची वेळ येईल तेव्हा ही वही मशीनच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुसरी पायरी: बाटलीत काय भरणार, ते आधी सांगा

नवा माणूस विचारतो, "स्वस्त बाटली कुठली?" विचारायला हवं ते वेगळंच: आत काय जाणार, किती गरम असताना जाणार आणि किती महिने राहणार.

आपल्याकडचं हमखास उदाहरण काकवीचं. गुऱ्हाळावर काहिलीतून निघालेली काकवी गरम असतानाच भरली तर टिकायला बरी, म्हणून घाईनं पाण्याच्या साध्या पेट बाटलीत ओतली जाते. बाटली बघता बघता आखडते, वेडीवाकडी होते, टोपण बसत नाही. कारण साधं आहे. पेट ७० ते ८० अंश सेल्सियसच्या दरम्यान मऊ पडायला लागतं, आणि फुगवताना ताणलेली बाटली त्या तापमानाला आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ बघते. साध्या पेट बाटलीत ६० अंशांच्या वरचं काही भरू नये. गरम भरायचंच असेल तर तीन वाटा आहेत. काच, पीपी, किंवा 'हीट सेट' केलेली खास पेट बाटली, जी ८५ अंशांच्या आसपासचं भरणं सोसते. ती तापलेल्या साच्यात फुगवतात, तिची गळ्याजवळची घडण वेगळी असते आणि आपल्याकडच्या छोट्या मशीनवर ती निघत नाही. मी गुऱ्हाळवाल्यांना काकवी निववून भरा किंवा काचेकडे जा, असंच सांगतो.

पेटचं बलस्थान दोन गोष्टींत: काचेसारखं दिसणं आणि वायू अडवणं. सोड्यातला कार्बन डायऑक्साईड ते बऱ्यापैकी धरून ठेवतं. पेट हा पदार्थ १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी कापडासाठी शोधला. त्याची बाटली करायचं पेटंट ड्यू पाँटच्या नॅथॅनिएल वायेथ यांनी १९७३ मध्ये घेतलं. पाणी, शीतपेय, खाद्यतेल, चटणी-मसाल्याच्या बरण्या ही पेटची गिऱ्हाइकं. पण तीव्र अल्कली पेटला खाते. कॉस्टिक असलेलं क्लीनर पेटमध्ये भरून गोदामात ठेवू नका.

एचडी दिसायला दुधाळ, पण कणखर. आम्ल, अल्कली दोन्ही सोसतं, पडलं तरी फुटत नाही, ओलावा आत-बाहेर जाऊ देत नाही. संडास साफ करायचं आम्ल, ब्लीच, वंगण तेल, शेतीची औषधं यासाठी एचडी. त्याच्याही दोन खोडी आहेत. साबण-डिटर्जंटसारखे पदार्थ ताण पडलेल्या जागी हळूहळू चिरा पाडतात. बाटली महिनाभर धड दिसते आणि मग बुडाच्या कोपऱ्यात गळते. त्यासाठी चिरेला टिकणारा ग्रेड मागून घ्यावा लागतो. दुसरी खोड झायलीनसारख्या द्रावकांची. ते एचडीच्या भिंतीतून झिरपतात आणि बाटली आतल्या बाजूला ओढल्यासारखी खपाटीला जाते. म्हणून द्रावकाच्या कीटकनाशकाला नायलॉनसारखा अडथळ्याचा थर घातलेली बहुपदरी बाटली वापरतात. ती पुढं भंगारात कुणाच्या कामाची राहत नाही, हा तिचा हिशेब.

भरायचा खरा माल ज्या बाटलीत विकणार त्याच बाटलीत भरून, टोपण लावून, काही बाटल्या उन्हात, काही सावलीत, काही आडव्या अशा महिना-दोन महिने ठेवा. ही चाचणी फुकट आहे आणि नेमकी तीच कुणी करत नाही.

तिसरी पायरी: फुगवायच्या दोन तऱ्हा

बाटली बनवायच्या पद्धती पुष्कळ, पण शेडमध्ये पाय ठेवल्यावर दोनच ओळखता आल्या तरी सुरुवातीला पुरे.

पहिली पेटची. इथं काम दोन टप्प्यांत होतं. आधी इंजेक्शन मशीनवर जाड भिंतीची, परीक्षानळीसारखी 'प्रिफॉर्म' बनते. तिच्या गळ्याचे आटे तेव्हाच पक्के झालेले असतात. मग ती प्रिफॉर्म इन्फ्रारेड दिव्यांखाली ९५ ते ११० अंशांपर्यंत तापवून साच्यात धरतात, आतून एक दांडी तिला लांबीत ताणते आणि दाबाखालची हवा तिला रुंदीत फुगवते. लहान धंदेवाले प्रिफॉर्म विकत आणतात आणि फक्त दुसरा टप्पा करतात. सुरुवातीला तेच शहाणपणाचं, कारण प्रिफॉर्म बनवायचं मशीन आणि साचा हा वेगळ्याच पैशाचा खेळ आहे. दोन कॅव्हिटीचं, म्हणजे एका वेळी दोन बाटल्या काढणाऱ्या साच्याचं, सेमी-ऑटोमॅटिक मशीन हातानं प्रिफॉर्म भरत तासाला हजाराच्या आसपास बाटल्या देतं.

प्रिफॉर्म पारदर्शक का असते, हे गुळाच्या मुलखात समजवायला सोपं आहे. पाक झटकन निवला तर काचेसारखा राहतो, सावकाश निवला तर साखर धरतो. पेटचं तसंच. वितळलेलं पेट गार साच्यात झटक्यात थिजलं की पारदर्शक राहतं. रेंगाळलं की त्यात स्फटिक धरतात आणि ते पांढरं पडतं. फुगवताना हीच गोष्ट पुन्हा समोर येते, आणि नव्या ऑपरेटरचा पहिला महिना दोन पांढऱ्या रंगांतला फरक ओळखण्यात जातो. बाटली धुरकट, धुक्यासारखी पांढरी दिसली तर प्रिफॉर्म जास्त तापली, स्फटिक धरले. मोत्यासारखी चमकदार पांढरी दिसली तर उलट: प्रिफॉर्म कमी तापली, गार अंगानं जास्त ताणली गेली आणि आत सूक्ष्म चिरा पडल्या. पहिल्या दोषात दिवे कमी करायचे, दुसऱ्यात वाढवायचे. नवखा माणूस 'पांढरं' दिसलं की डोळे झाकून एकाच दिशेनं बटण फिरवतो आणि अर्धी शिफ्ट वाया घालवतो.

तापवल्यावर लगेच फुगवू नका, काही सेकंद थांबू द्या. दिव्यांची उष्णता आधी बाहेरच्या कातडीला लागते, आतपर्यंत पोहोचायला उसंत हवी. दांडी मधोमध उतरते का, ते बुडाच्या त्या ठिपक्यावरून बघा. ठिपका एका बाजूला सरकला असेल तर एक भिंत जाड आणि दुसरी पातळ झाली आहे.

हवेचा दाब २५ ते ४० बार. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. या हवेनं अंगावरची धूळ झटकणारा माणूस दिसला तर त्याला तिथंच थांबवा. दाबाची हवा कातडीत शिरली तर हात जातो. मशीनचं दार उघडलं की हवा बंद करणारा स्विच 'कामात अडतो' म्हणून बांधून ठेवलेला असेल, तर त्या शेडमध्ये नोकरी धरू नका. आणि मशीन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, वीजबिल मशीनपेक्षा कॉम्प्रेसर वाढवतो. दरपत्रक बघताना आधी त्याचे किलोवॅट विचारा.

प्रिफॉर्म विकत घेताना वजन आणि गळा या दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीला साधारण वीस ग्रॅमच्या आगेमागे प्रिफॉर्म लागते. गळ्यात फसगत होते ती अशी: पीसीओ १८१० आणि पीसीओ १८८१ हे दोन्ही गळे २८ मिलिमीटरचेच म्हणवतात, पण पहिल्याची उंची २१ मिलिमीटर आणि दुसऱ्याची १७. आटे वेगळे, टोपण वेगळं. एकाचं टोपण दुसऱ्यावर फिरवलं तर बसल्यासारखं वाटतं आणि ट्रकमध्ये गळतं. गळा, टोपण आणि टोपण लावायचं मशीन एकदमच ठरवा.

दुसरी तऱ्हा एचडीची. इथं प्लॅस्टिकचा दाणा बॅरलमध्ये १७० ते २१० अंशांना वितळतो, डायमधून गरम नळी खाली उतरते, तिला पॅरिसन म्हणतात. साच्याचे दोन भाग तिच्यावर मिटतात, खालचं तोंड चिमटलं जातं आणि आत हवा सोडतात. दाब पेटच्या मानानं अगदीच थोडा, सहा-आठ बार. वर-खाली उरलेला लोंबता भाग म्हणजे फ्लॅश. तो कापून, दळून पुन्हा हॉपरमध्ये, म्हणजे दाणा भरायच्या नसराळ्यात, जातो.

इथं सगळा जीव पॅरिसनमध्ये आहे. ती स्वतःच्या वजनानं ताणली जाता कामा नये, म्हणून ब्लो मोल्डिंगचा दाणा घट्ट वाहणारा लागतो. पोत्यावर एमएफआय, म्हणजे वितळलेला दाणा किती सैल वाहतो त्याचा आकडा, लिहिलेला असतो; ब्लोच्या ग्रेडचा तो ०.३ च्या जवळपास, तर बादल्या-टोपणांच्या इंजेक्शन ग्रेडचा त्याच्या कितीतरी पट. गोदामात दोन्ही पोती शेजारी असली आणि चुकून इंजेक्शनचा दाणा ओतला, तर पॅरिसन मधासारखी खाली ओघळते. पोतं फोडण्यापूर्वी लेबल मोठ्यानं वाचायची सवय लावा.

साचा कोल्हापुरात करून घेता येतो का, असं सगळे विचारतात. एचडीचा साचा, हो. शिवाजी उद्यमनगरातल्या व्हीएमसीवाल्यांच्या (संगणकावर चालणारं धातू कोरायचं मशीन असलेल्यांच्या) हाताला असलं काम नवीन नाही. फक्त ओतकामाच्या गावाला लोखंडावर जरा जास्तच प्रेम आहे. ब्लोचा साचा ॲल्युमिनियमचा करा, तो उष्णता लवकर ओढतो आणि बाटलीच्या चक्रातला बराचसा वेळ थंड होण्यातच जात असल्यामुळे तिथंच फायदा होतो. चिमटण्याच्या कडा तेवढ्या पोलादाच्या बसवून घ्या, ॲल्युमिनियमच्या लवकर बोथट होतात.

चौथी पायरी: जून ते सप्टेंबर

पुस्तकात हा धडा नसतो, पण आपल्याकडे हवाच. पेट हवेतला ओलावा ओढतं. वितळताना तो ओलावा पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतो, आणि तुटलेली साखळी डोळ्यांना दिसत नाही. बाटली तशीच दिसते, पण ठिसूळ होते. ही साखळीची लांबी मोजायचं माप म्हणजे आयव्ही. पाण्याच्या बाटलीला ०.७२ ते ०.७६ लागतो, सोड्याच्या बाटलीला ०.८० च्या वर.

वितळण्यापूर्वी पेटमध्ये दहा लाखांत पन्नास भागांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. म्हणजे २५ किलोच्या पोत्यात सव्वा ग्रॅम. उघडं पडलेलं पोतं पावसाळी हवेत ०.२ टक्क्यांपर्यंत ओलावा धरतं, म्हणजे पन्नास ग्रॅम. हे चाळीसपट पाणी काढायला १६० ते १७० अंशांवर चार ते सहा तास, तेही उणे ४० अंश दवबिंदूच्या कोरड्या हवेत वाळवावं लागतं. साधा हॉपर ड्रायर बाहेरचीच दमट हवा गरम करून आत सोडतो, तो एचडीला चालतो; पेटला डीह्युमिडिफाइंग ड्रायरच हवा. शिरोलीत बाहेर धो धो पाऊस असताना साध्या ड्रायरवर पेट चालवतो असं कुणी सांगितलं तर त्याचा माल खाली टाकून बघा.

तुम्ही प्रिफॉर्म आणत असाल तर वाळवणं विकणाऱ्याच्या माथी, पण प्रिफॉर्मही ओलावा धरते. खोक्यातली प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली ठेवा, आधी आलेला माल आधी वापरा.

आणखी एक पावसाळी दुखणं: साच्यातून चिलरचं थंड पाणी फिरतं, बाहेर हवा दमट. साच्याला घाम सुटतो आणि बाटलीवर पाण्याचे ओघळ, डाग उमटतात. ऑपरेटर साचा पुसत बसतो. चिलरचं तापमान थोडं वर घ्या, चक्र जरा लांबेल, पण बाटली स्वच्छ निघेल.

पाचवी पायरी: तपासणी

यात फार काही नाही, पण रोज केली पाहिजे. दर तासाला प्रत्येक कॅव्हिटीची एक बाटली घ्या, वजन करा, पाणी भरून टोपण लावून उलटी ठेवा, कमरेच्या वरून सिमेंटवर टाका. मधोमध कापून भिंत अंगठ्यानं चाचपा. बूड टेबलावर डुलतं का बघा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीसाठी आयएस १५४१० हे डब्या-बाटल्यांचं मानक आहे आणि आयएस १४५४३ हे पाण्याचं. गिऱ्हाईक पाणीवालं असेल तर तो पहिल्याच भेटीत याबद्दल विचारणार.

सहावी पायरी: परतीचा रस्ता

मामाच्या ढिगातून बाटली गठ्ठा बांधून रिसायकलिंगवाल्याकडे जाते. तिथला क्रम असा. गठ्ठा फोडायचा, हातानं निवडायचा, लेबलं ओरबाडून काढायची, ग्राइंडरमध्ये दहा-बारा मिलिमीटरच्या फ्लेक्स, म्हणजे चकत्या, करायच्या. मग गरम धुणं: ८० ते ९० अंशांच्या पाण्यात एक-दोन टक्के कॉस्टिक, म्हणजे गोंद, तेल, साखर सुटते. मग बादलीतलाच खेळ मोठ्या टाकीत: टोपणांचे तुकडे वर, पेट खाली. पुन्हा साध्या पाण्यानं खळबळून धुवायचं, पिळायचं, वाळवायचं.

नव्या माणसाला वाटतं, शंभर किलो बाटल्या घेतल्या म्हणजे शंभर किलो फ्लेक्स. टोपणं, लेबलं, माती, बाटलीत राहिलेलं पाणी, दळताना झालेली भुकटी हे सगळं वजा होतं. आवक गठ्ठ्यातला एक छोटा भाग स्वतः धुऊन, वाळवून, वजन करून भाव ठरवा. ओल्या गठ्ठ्यात पाण्याचे पैसे मोजणारे पुष्कळ आहेत.

सगळ्यात घातक पाहुणा म्हणजे पीव्हीसी. ते टाकीत पेटबरोबर बुडतं, म्हणून निवडताना सुटलं की सुटलंच. पुढं पेट वितळायच्या २६० अंशांच्या आसपास पीव्हीसी जळून काळे कण होतं, आम्ल सोडतं आणि आजूबाजूच्या पेटची साखळी तोडतं. टनभर मालात शंभर ग्रॅम पीव्हीसीसुद्धा जास्त. म्हणून अंगभर वेष्टनाच्या बाटल्यांना मामा शिव्या घालतो. ती वेष्टनं कित्येकदा पीव्हीसीची असतात.

धुतलेल्या फ्लेक्सपासून जास्त करून पॉलिस्टर धागा, पॅकिंगच्या पट्ट्या, शीट बनतात. बाटलीतून पुन्हा बाटली करायची तर घसरलेला आयव्ही वर आणावा लागतो. त्यासाठी दाणा न वितळवता दोनशे अंशांच्या वर, निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये, कित्येक तास ठेवतात. हे मोठ्या भांडवलाचं काम आहे. पाण्याच्या किंवा अन्नाच्या बाटलीत पुनर्वापराचा दाणा घालायचा असेल तर तो एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) अटींत बसणाऱ्या प्रक्रियेतून आलेलाच लागतो. शेजारच्या प्लँटमधल्या फ्लेक्स स्वस्तात मिळाल्या म्हणून पाण्याच्या बाटलीत घालता येत नाहीत.

एचडीचं रिसायकलिंग सोपं, म्हणून लहान माणसानं सुरुवात तिथून करावी असं माझं मत आहे. दळा, धुवा, वितळवून जाळीतून गाळा, दाणा करा. पाईप, डबे, फळांचे क्रेट यात तो जातो. फक्त कीटकनाशकाच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. त्यांचा दाणा खाण्यापिण्याच्या वस्तूच्या जवळपासही जाता कामा नये.

धुण्याच्या पाण्याबद्दल कोल्हापुरात वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. कॉस्टिकचं, गोंदाचं, प्लॅस्टिकच्या भुकटीचं पाणी ओढ्यात सोडलं की ते पंचगंगेत जातं. नदीच्या प्रदूषणावरून इथं किती वर्षं रान पेटलंय ते तुम्हाला माहीत आहे. भुकटी गाळायच्या जाळ्या, पीएच उदासीन करायची टाकी आणि पाणी पुन्हा फिरवायची सोय, हा खर्च मशीनच्या दरपत्रकात नसतो. तो पहिल्या दिवसापासून धरा.

आता वही उघडा आणि आपल्या बाटलीकडे मामाच्या नजरेनं बघा. अंग रंगहीन ठेवा. लेबल छोटं, पाण्यावर तरंगणाऱ्या पीपीचं, गरम पाण्यात सुटणाऱ्या गोंदाचं. टोपण एचडी किंवा पीपीचं. बाटलीवर थेट छपाई नको. मार्केटिंगवाला "निळा गडद करूया, उठून दिसेल" म्हणेल, तेव्हा त्याला भंगारातले दोन भाव सांगा.

सातवी पायरी: कागद, शिक्षण आणि महापूर

शेड उभारण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती आणि चालू करण्याआधी चालवण्याची संमती लागते. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यात उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे आपल्या पॅकेजिंगच्या कचऱ्याची सोय लावायच्या जबाबदारीची, मार्गदर्शक तत्त्वं आली. बाटलीसारख्या कडक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ साठी ३० टक्के आणि पुढं वाढत २०२८-२९ साठी ६० टक्के पुनर्वापराचं प्लॅस्टिक, असं लक्ष्य त्यात घातलं होतं. रिसायकलिंगवाल्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तिथंच त्याची प्रमाणपत्रं तयार होतात. या नियमांत बदल होत राहतात, म्हणून कागद करण्याआधी ताजी अधिसूचना वाचा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरात केंद्र सरकारची सिपेट ही संस्था आहे. दहावीनंतर प्लॅस्टिक टेक्नॉलॉजी आणि साचा बनवण्याचे पदविका अभ्यासक्रम तिथं चालतात. पोरगा हाताचा चांगला असेल तर साच्याचा घ्यावा. बाटल्या ओढणारे पुष्कळ मिळतात, साचा दुरुस्त करणारा शोधावा लागतो.

आणि जुलैचं नियोजन. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस थांबली. प्रिफॉर्म आणि दाणा वरून, पुण्या-मुंबईकडून येत असेल तर जुलै उजाडण्याआधी पंधरा-वीस दिवसांचा साठा शेडमध्ये असू द्या. पोती जमिनीवर नको, पॅलेटवर, आणि तीही मागच्या पुराच्या खुणेच्या वर. चिलर आणि कॉम्प्रेसरच्या मोटारी चौथऱ्यावर बसवा. विम्याचा कागद घेताना त्यात पूर लिहिलेला आहे का, मशीनबरोबर कच्चा मालही धरला आहे का, हे सही करण्याआधी एजंटाला बोट ठेवून दाखवायला सांगा.